संशयाची मुदत

बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने, १९८७ साली ग्रामीण लोकवस्तीतील कर्करुग्णांची जी नोंदणी सुरू झाली ती या देशातील त्या प्रकारची पहिली नोंदणी होय; आणि तिच्या कक्षेत सोलापूर जिल्ह्यातील बार्शीबरोबरच आमच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे दोन तालुके समाविष्ट असल्यामुळे, ज्या मुलुखाची दखल सरकारी दप्तरांत बहुधा अवर्षणाच्या वर्षीच घेतली जाते, त्या मुलुखातील माणसांच्या शरीरव्यथांचा एक विश्वसनीय दस्तऐवज वैद्यकशास्त्राच्या हाती आला. या दस्तऐवजातून जी अनुमाने निघाली त्यांत एक असे की, मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग, जो युरोप-अमेरिकेत अगदी अग्रभागी असलेल्या व्याधींपैकी एक आहे, तो ज्वारीची भाकरी खाऊन रानात राबणाऱ्या या लोकांत अत्यंत विरळा आढळतो.

या वस्तुस्थितीचा अर्थ काय लावावा, याविषयी परांडा तालुक्यात उभी हयात वैद्यकी केलेले एक वृद्ध डॉक्टर आणि सोलापुरात आतड्यांच्या शस्त्रक्रिया करणारी त्यांची सख्खी भाची यांच्यात जो वाद चालतो, तो येथे मांडावयाचा आहे. ही दोन माणसे मी या चर्चेकरिता योजिली आहेत, आणि दवाखान्यादवाखान्यांतून ऐकू येणारी मते त्यांच्या तोंडी घातली आहेत. परंतु त्यांच्यातील मतभेद कल्पित नाही, आणि त्या मतभेदाचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात ते रुग्ण तर मुळीच कल्पित नाहीत.

मामांचे म्हणणे प्रथम ऐकावे, कारण ते वडील आहेत. "अगं," ते म्हणतात, "माझ्या दारी पोटाच्या तक्रारी घेऊन जी माणसे येतात त्यांतील बहुतेकांना आव, जंत, आम्लपित्त नाही तर बद्धकोष्ठ असते; ज्यांना परसाकडे जाताना रक्त पडते त्यांतील बहुतेकांना मूळव्याध नाही तर चीर असते. जे विरळा आहे ते विरळाच आहे, हे तुमची नोंदणीच सांगते. मग मी प्रत्येकाला दुर्बिणीच्या तपासणीसाठी सोलापूरला रवाना करू लागलो, तर ज्याला काहीच झालेले नाही त्याची दोन दिवसांची रोजंदारी बुडेल, बसभाडे जाईल, आणि ज्याला खरोखर काही झाले आहे तोही पुढच्या वेळी माझी पायरी चढायचा नाही, कारण इथे गेले की सोलापूरला धाडतात अशी माझी ख्याती झालेली असेल. जे संभवनीय असेल त्याचा इलाज आधी करावा, हा माझ्या गुरूंचा शिरस्ता. आणि गरिबाच्या बाबतीत तो केवळ सोयीचा नाही, न्यायाचाही आहे."

"नोंदणी विरळपणा सांगते, मामा, अभाव सांगत नाही," भाचीचे उत्तर तयार असते. "जिथे एखादा आजार नित्य दिसतो तिथल्या डॉक्टरची नजर त्याला सरावलेली असते, जिथे तो काही वर्षांतून एकदा दिसतो तिथे त्या एका माणसाचे सारे भवितव्य डॉक्टरच्या मनात त्या दिवशी शंका येते की नाही यावर टांगलेले राहते. शिवाय आपल्या देशात गुदाशयाचा कर्करोग तिशी-चाळिशीतल्या माणसांनाही गाठतो, आणि तरुणांत तो पुष्कळदा अधिक उग्र जातीचा असतो. माझ्याकडे येणाऱ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या मी वाचते. वर्षभर मलम, वर्षभर इसबगोल, मध्येच कुणा बिनपदवीच्या माणसाने मूळव्याधीवर म्हणून टोचलेले इंजेक्शन. आणि या संपूर्ण काळात एकाही माणसाने हातमोजा चढवून बोटाने तपासलेले नसते. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बोटाला लागते. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, सोलापूर लागत नाही."

या ठिकाणी मामा प्रतिवाद करीत नाहीत. बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याधीचे औषध देणाऱ्या डॉक्टरविषयी त्यांचा संताप भाचीच्या संतापाहून अधिक जुना आहे, कारण निजामी राजवट नुकतीच संपलेल्या काळात या जिल्ह्यात वैद्यकी केलेल्या आपल्या गुरूंकडून त्यांनी जे शिक्षण घेतले, त्यात रुग्णाची नाडी, जीभ, पोट आणि गुदद्वार यांची तपासणी पूर्ण झाल्याविना कागदावर रोगाचे नाव लिहिण्यास सक्त मनाई होती. तथापि ते एक अडचण पुढे ठेवतात, आणि ती खरी आहे. "पुरुषाला मी सांगतो, कुशीवर हो, आणि तो होतो. पण पन्नाशीची एखादी बाई सुनेबरोबर येते, अंगात उष्णता झाली आहे एवढेच सांगते, आणि रक्ताची गोष्ट सून दाराबाहेर गेल्यावर, तीही पदर तोंडाशी धरून, अर्ध्या वाक्यात निघते. त्या अर्ध्या वाक्यावर मी तिला टेबलावर झोपायला सांगितले तर ती उठून जाते. गेली की परत येत नाही. तिला दोन वेळा साधे औषध देऊन, तिसऱ्या वेळी, विश्वास बसल्यावर, नर्सबाईला उभी करून मी तपासतो. त्या दोन खेपा तुझ्या दृष्टीने विलंब. माझ्या दृष्टीने ती तपासणीचीच पूर्वतयारी."

मला या उत्तरात मामांच्या वैद्यकीचे मर्म दिसते, तरीही भाचीचा हिशेब दुर्लक्षिता येत नाही. गुदाशयाच्या कर्करोगावर १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी जी मोठी शस्त्रक्रिया वर्णिली, तिने रोग उखडता येऊ लागला, पण गुदद्वार कायमचे बंद होऊन पोटावर पिशवी लावणे रुग्णाच्या नशिबी आले. पुढे १९८२ साली हील्ड या शल्यविशारदांनी गुदाशयाभोवतीचे मेदाचे आवरण अखंड सोडवून काढण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण घटले, आणि आधी किरणोपचार व औषधे देऊन मग शस्त्रक्रिया केल्यास पुष्कळांचा नैसर्गिक मार्गही शाबूत राखता येऊ लागला. म्हणजे आता प्रश्न केवळ माणूस जगेल की नाही एवढाच उरलेला नाही. तो पिशवीविना जगेल की नाही, शेतात वाकून काम करू शकेल की नाही, हे त्या दोन खेपांत किती आठवडे जातात यावर काही अंशी अवलंबून आहे.

"आणि लोकांना सांगितले तर ते येतात," भाची म्हणते. "बार्शीच्या लोकांनी गावोगाव फिरून अंगावरून अवेळी रक्त जाणे म्हणजे काय असू शकते हे बायकांना समजावले, तर गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. मग याच आपल्या जिल्ह्यात, १९९९ पासून, बावन्न ग्रामसमूहांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला विषाणूची एक तपासणी दिली, त्यात या रोगाने चौतीस मृत्यू. ज्याला तपासणी दिली नाही, त्यात चौसष्ट. २००९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या आरोग्यखात्यांनी ते वाचले. उस्मानाबाद हे आपल्या जिल्ह्याचे जुने नाव घेतले की परदेशातले डॉक्टर तुळजापूर ओळखत नाहीत, पण हा अभ्यास ओळखतात."

"त्या चौसष्ट जणींविषयी तुझे काय म्हणणे आहे?" मामा विचारतात, आणि त्यांचा आवाज बदलतो. "तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणी दिली नाही यावर पुढे जाणत्या लोकांनीच नैतिक आक्षेप घेतले, ते मी वाचले आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या बायका होत्या त्या. पण तो विषय बाजूला ठेवतो. तुझ्या युक्तिवादातला दोष असा की गर्भाशयमुखाचा कर्करोग इथे विरळा नव्हता. जे पुष्कळांना होते त्याची सर्वांना तपासणी करता येते. जे लाखात थोड्यांना होते त्यासाठी तू सबंध जिल्हा टेबलावर झोपवणार आहेस काय?"

"नाही," ती कबूल करते. "तपासणीची मोहीम नेता येणार नाही. लक्षणांची खबर मात्र नेता येईल."

ज्या रुग्णावरून त्यांचा वाद खऱ्या अर्थाने पेटतो तो मात्र कर्करोगाचा नव्हे. वाशी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला विशीतला मुलगा डोळ्यांपुढे आणावा: पाच-सहा महिन्यांपासून बेंबीच्या उजव्या अंगाला खाली दुखते, जेवल्यावर कळ येते, पोटात गोळा फिरतो आणि गुडगुड आवाज होऊन आपोआप बसतो, कधी चार दिवस साफ होत नाही तर कधी पातळ होते, सायंकाळी कणकण येते, आणि गेल्या वर्षीचा सदरा आता अंगावर ढगळ होतो. मामा पोट चाचपतात, उजव्या बाजूला हाताला काहीसे भरीव लागते, आणि ते क्षयाच्या गोळ्या सुरू करतात. लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते तो सांधा हे पोटातल्या क्षयाचे ठरलेले ठिकाण. हा देश क्षयाचा. औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य. मुदत सहा महिन्यांची. आणि अशा किती मुलांना त्यांनी पुन्हा धट्टेकट्टे होऊन नांगर धरताना पाहिले आहे. यात चूक काय?

"चूक ही की त्याच सांध्यावर, तशाच जखमा, तसेच आकुंचन, तशाच वेदना घेऊन दुसराही एक आजार बसतो," भाची सांगते. "ग्लासगोच्या डॅलझील यांनी १९१३ मध्येच काही रुग्णांच्या आतड्यांचे वर्णन करून ठेवले होते, की रूप क्षयाचे, पण क्षयाचे जंतू सापडत नाहीत. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला. शरीराची संरक्षणशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. त्याला क्षयाच्या गोळ्यांनी काही होत नाही. त्याला ही संरक्षणशक्ती दाबणारी औषधे लागतात. आणि तीच औषधे चुकून क्षयाच्या रुग्णाला दिली तर दबलेला क्षय सर्वांगात पसरतो. दोन आजार, एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. अशा जागी तुम्ही हाताच्या अंदाजाने निकाल देता, मामा, आणि तो निकाल मला मान्य नाही. दुर्बीण घाला, तुकडा काढा, तपासायला पाठवा, आणि मग औषध लिहा."

"पाठवला," मामा म्हणतात. "समज, पाठवला. तुझ्या तुकड्यात काय सापडते ते तूच सांग."

भाची प्रामाणिक आहे, आणि म्हणून या प्रश्नाचे उत्तर देताना तिला सावकाश बोलावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजारांत पेशींच्या बारीक गाठी दिसतात; क्षयात त्या मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या, मध्यभागी सडून मऊ झालेल्या असतात, आणि तसे दिसले की निकाल लागला; पण दुर्बिणीतून मिळालेल्या चिमूटभर तुकड्यात ही निर्णायक खूण थोड्याच रुग्णांत दिसते. जंतू रंगवून पाहावेत तर क्वचित सापडतात. जंतूच्या जनुकांची नवी तपासणी छातीच्या क्षयात जेवढी भरवशाची, तेवढी आतड्याच्या तुकड्यात नाही. सबब मोठमोठ्या रुग्णालयांतही, सर्व तपासण्या हात जोडून उभ्या असताना, कित्येकदा अखेर क्षय गृहीत धरून गोळ्याच सुरू कराव्या लागतात.

"म्हणजे जे तिथे सर्व खर्च करून होते, ते मी खर्चाशिवाय करतो," मामा म्हणतात.

हे वाक्य ऐकताना क्षणभर वाटते की वाद संपला. परंतु भाचीचे खरे म्हणणे येथून सुरू होते, आणि माझ्या मते या संपूर्ण चर्चेत सर्वांत मोलाचे तेच आहे. "तुम्ही ते करत नाही, मामा. तिथे गोळ्या सुरू करण्यापूर्वी आतडे पाहिलेले असते. जखमा आडव्या वलयासारख्या आहेत की उभ्या, सांध्याची झडप आ वासून उघडी राहिली आहे का, मधले आतडे निरोगी सोडून रोगाने उड्या मारल्या आहेत का, गुदद्वारापाशी जुने भगंदर आहे का, चित्रात पोटातल्या गाठींचा मध्यभाग सडलेला दिसतो का, छातीत डाग आहे का, हे सगळे लिहून ठेवलेले असते. यातल्या एकाही खुणेने निकाल लागत नाही, पण कल कळतो. आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा पाहतात. क्षय असेल तर जखमा भरलेल्या असतात. भरल्या नसतील तर विचार बदलतात. तुमच्या मुलाची पहिली स्थितीच कुणी पाहिलेली नाही, तर दोन महिन्यांनी तुम्ही कशाशी ताडून पाहणार? भूक वाढली, ताप गेला, एवढ्यावर? क्रोनच्या रुग्णालाही या गोळ्यांवर काही काळ बरे वाटू शकते. बरे वाटणे आणि जखम भरणे या दोन गोष्टी आहेत. तो सहा महिने गोळ्या खाईल, कदाचित यकृताला त्रास होईल, आणि त्या अवधीत आतडे चिवट होऊन आखडत जाईल. मग माझ्याकडे येईल तेव्हा मला तो भाग कापूनच काढावा लागेल."

ती आणखी एक गोष्ट सांगते, जी ऐकून मामा काही वेळ बोलत नाहीत. २०१२ सालापासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. ज्या मुलाला क्षय कधी झालाच नव्हता त्याचे नाव त्या दप्तरात चढते, सहा महिन्यांनी त्यापुढे उपचार पूर्ण असा शेरा पडतो, आणि वर्षभराने तो पुन्हा कण्हत आला की त्याला क्षय उलटला असे समजून पुन्हा त्याच गोळ्या सुरू होतात. पहिल्या कागदावर लिहिलेला अंदाज दुसऱ्या कागदावर वस्तुस्थिती होऊन बसतो. तो अंदाज होता हे कुठेच नमूद नसते.

मामा स्टिरॉइडची गोष्ट काढतात, आणि ती भाचीच्या बाजूची असूनही काढतात. रक्त-आव पडणाऱ्या रुग्णाला मोठ्या आतड्याचा दाह आहे असे ठरवून, मळाची तपासणी न करता, स्टिरॉइड देणारे डॉक्टर त्यांनी पाहिले आहेत; आणि तो दाह अमिबाचा निघाला म्हणजे आतडे ओल्या कागदासारखे फाटते, आणि मग शस्त्रक्रियेनेही माणूस वाचणे कठीण. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली एमेटिनची इंजेक्शने प्रचारात आणली, तेव्हापासून अमिबाची आव हा बरा होणारा आजार आहे. आज तर त्याचे औषध कोणत्याही दुकानात मिळते. मळाचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तसदी न घेतल्याने तो जीवघेणा व्हावा, याला ते वैद्यकीतील गुन्हा म्हणतात. "हे मी करत नाही," ते म्हणतात. "पुराव्याशिवाय मी जे देतो त्याने बरे झाले नाही तरी सहसा मरत नाही, अशीच औषधे मी पुराव्याशिवाय देतो." भाचीला हा भेद मान्य आहे, आणि तो मान्य करताना तिला आनंदच होतो.

पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या भाचीला तुकडा काढू नये असे वाटणारी एक जागा या जिल्ह्यात आहे, आणि ती परांडा-भूमच्या बाजूला विशेष. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या, गावच्या भाषेत लाईट घेतलेल्या स्त्रिया बऱ्या होऊन घरी येतात, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्यांना शौचावाटे रक्त पडू लागते. कर्करोग उलटला या धास्तीने घर हादरते, किंवा मूळव्याध समजून मलम सुरू होते. प्रत्यक्षात किरणांनी गुदाशयाचे अस्तर दुखावून तेथे नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे उगवलेले असते. अशा बाईच्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा उगाच काढला तर जखम भरत नाही, आणि कधी गुदाशय व योनिमार्ग यांच्यात भोक पडते. तिथे पुरावा म्हणजे तिच्या जुन्या फायलीतली किरणोपचाराची तारीख, आणि दुर्बिणीतून, हात न लावता, पाहिलेले ते जाळे. उपचारही मोठा नाही. औषधी एनिमा, सौम्य प्रमाणातले फॉर्मालिन अतिशय काळजीने लावणे, नाही तर वायूच्या झोताने त्या वाहिन्या जाळणे. "तिला एवढेच विचारायचे असते, की बाई, तुम्ही बार्शीला लाईट घेतली होती का," भाची म्हणते, आणि मामा तिला आठवण करून देतात की हा प्रश्न विचारण्यासाठी सोलापूरला जावे लागत नाही.

असाच एक आजार जोर करून कुंथणाऱ्यांचा. गुदाशयात आतून एक जखम होते, रक्त व शेंब पडते, दुर्बिणीतून ती कर्करोगासारखीही भासते, आणि तुकड्याचा निकाल आला की तिथे काहीच घातक नाही असे कळते. ती कापून बरी होत नाही. शौचाला बसण्याची सवय बदलून, कुंथणे सोडून, आहार सुधारून हळूहळू भरते. अशा रुग्णावर दोनदा शस्त्रक्रिया झाल्याचेही भाचीने पाहिले आहे.

भगंदराविषयी त्यांच्यात मला अपेक्षित होता तसा वाद होत नाही. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले, क्षारसूत्राचा, म्हणजे क्षार लावलेला दोरा बांधण्याचा, उपाय वर्णिला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीच्या विश्वविद्यालयात तो पुन्हा प्रचारात आणला गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तो शस्त्रक्रियेशी रीतसर ताडून पाहिला व १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, की सूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागतात आणि शस्त्रक्रियेने चार, परंतु आजार उलटण्याचे प्रमाण सूत्रात शंभरात चार व शस्त्रक्रियेत अकरा. हा आकडा भाची आपल्या रुग्णांना स्वतः सांगते. तिची अट एकच: भगंदर एकदा बरे होऊन पुन्हा फुटले, किंवा एकाहून अधिक तोंडांनी फुटले, तर दोरा बांधण्यापूर्वी चुंबकीय चित्र काढावे आणि क्षय व क्रोन यांचा शोध घ्यावा, कारण गुदद्वारापाशी दिसणारे ते तोंड पुष्कळदा वर आतड्यात चाललेल्या गोष्टीची पहिली वर्दी असते.

लहान मुलांविषयीचे एक वाक्य येथे लिहून ठेवतो, कारण ते आजीबाईंच्याही उपयोगाचे आहे. जन्मलेल्या बाळाने पहिल्या दोन दिवसांत काळी शी केली नाही, पुढे पोट फुगलेलेच राहिले, आणि दर खेपेस विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून घातल्याशिवाय किंवा साबणाची वडी लावल्याशिवाय त्याला होत नसेल, तर ते केवळ बद्धकोष्ठ नसून आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसण्याचा जन्मजात दोष असू शकतो. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली तो वर्णिला, १९४८ पासून त्यावर खात्रीची शस्त्रक्रिया आहे, आणि सुमारे पाच हजार जन्मांत एका बाळाला तो असतो.

उरला प्रश्न घराण्यात उतरणाऱ्या रोगाचा, ज्यावर मामा व भाची यांचे पटले नाही आणि पटेल असे मला वाटत नाही. काही कुटुंबांत मोठ्या आतड्याला पौगंडावस्थेपासूनच शेकड्यांनी पॉलिप येतात. पाचव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचा हा दोष १९९१ मध्ये ओळखला गेला. आई-बापांपैकी एकाला तो असला की प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि आतडे वेळीच काढले नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला. भाचीचे म्हणणे, असा एक रुग्ण सापडला की त्याची भावंडे, मुले, चुलते सर्वांना बोलवावे, दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून दुर्बीण सुरू करावी. मामा विचारतात, "आणि त्या घरच्या मुलीचे लग्न ठरले असेल तर?"

"मुलीला दोष नसण्याचीही तितकीच शक्यता आहे, मामा, आणि रक्ताच्या तपासणीने ते कळते. न सांगण्याने दोष जात नाही."

"सांगू नको असे मी म्हणतच नाही. आशाताईंच्या यादीत नाव घालून, सगळ्या वाड्यासमोर गाडी उभी करून सांगू नको. आधी रुग्णाला सांग. त्याच्या तोंडून भावाला जाऊ दे. भाऊ माझ्याकडे येईल, रात्री, दवाखाना बंद होताना. मग मी तुझ्याकडे पाठवीन. सहा महिने लागतील."

"त्या सहा महिन्यांत एखाद्याचा पॉलिप कर्करोग होईल."

कर्तव्य कोणते याविषयी भाची बरोबर आहे, आणि ते कसे पार पाडावे याविषयी मामा बरोबर आहेत, असे मला वाटते. पण सहा महिन्यांचा हिशेब मला सुटत नाही.

वाशीच्या त्या मुलाकडे परत वळले पाहिजे, कारण त्याचे औषध सुरू झाले आहे. बऱ्याच वादानंतर मामांनी एवढे कबूल केले आहे की गोळ्या सुरू होण्यापूर्वी एकदा दुर्बीण व तुकडा झाल्याशिवाय या प्रकारच्या रुग्णाला ते क्षयाचे औषध लिहिणार नाहीत, आणि भाचीने एवढे कबूल केले आहे की तुकड्याने निकाल दिला नाही तर मामांच्या अंदाजावर औषध चालू द्यावे, मात्र त्या अंदाजाला तारीख असावी. दोन महिन्यांनी पुन्हा आतडे पाहायचे. जखमा भरल्या नाहीत तर अंदाज रद्द. शासकीय योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, पण बुडालेली रोजंदारी भरून मिळत नाही, म्हणून सोलापूरच्या दोन्ही खेपा प्रत्येकी एकाच दिवसात उरकतील अशी तजवीज भाचीने करायची.

अडचण तारखेची आहे. औषध श्रावणात सुरू झाले, तर दोन महिने दसऱ्याच्या सुमारास भरतात. आणि दसरा-दिवाळी झाली की वाशी, कळंब, भूमच्या खेड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे निघतात. मुलाच्या बापाने मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, आणि कोयत्याच्या जोडीत मुलगा मोजलेला असतो. तो गेला की चैत्राशिवाय परत येत नाही. गोळ्यांची पिशवी बरोबर असते, पण आतडे पाहायला तिथे कोणी नसते, आणि उसाच्या फडात पोट आखडले तर जवळच्या गावातला अनोळखी डॉक्टर त्याला कृमीचे औषध देऊन मोकळा होतो.

"दसऱ्यानंतरचा मंगळवार मी त्याच्यासाठी राखून ठेवते," भाची म्हणते. "पण तुमच्या कागदावर क्षय असावा, क्रोन नाकारता येत नाही, असे स्पष्ट लिहा. तो कुठेही आजारी पडला तरी पाहणाऱ्याला कळेल."

"ते मी लिहिणार नाही. त्याचा चुलता दहावी शिकलेला आहे, तो वाचेल, म्हणेल क्षय नाहीच, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगा गोळ्या सोडील. अर्धवट सोडलेला क्षय किती घातक ते तुला मी सांगायला नको. मुकादमाशी मी बोलतो, मला ओळखतो तो. मंगळवारपर्यंत पोरगा गावातच राहील. कागदावर तारीख घालीन, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या आजाराचे नाव घालणार नाही."

"मग माझ्या कागदावर मी ते लिहीन, आणि तो कागद त्याच्या आईजवळ देईन. गोळ्या का सोडायच्या नाहीत ते तिला मी स्वतः समजावून सांगते, अर्धा तास लागला तरी चालेल. तुम्ही त्या दिवशी तिला माझ्याकडे एकटीला पाठवा, चुलत्याला नको."